गांगुर्डे मॅडमच्या गाडीचा घरगुती ईसीएम

बंद पडलेल्या गाडीची मला कधी भीती वाटली नाही. ती बिचारी जाते कुठे? कोपऱ्यात उभी राहते, तिच्यावर धूळ बसते, मालक तिला दोन शिव्या देतो आणि फार तर तिसरी मला. भीती वाटते ती मी चालू करून दिलेल्या गाडीची. ती माझ्या शटरबाहेर पडून पेठ नाक्याच्या गर्दीत मिसळली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारातून हलत नाही. तिच्यात माणसं बसलेली असतात, आणि त्यांचा समज असा की सोनवणेने बघितलंय म्हणजे आता काळजी नाही. म्हणजे त्यांची काळजी ते माझ्याकडे ठेवून जातात.

नाशिकला पेठ रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. हल्ली गुडघे कुरकुर करतात म्हणून अर्धाच दिवस उघडतो. दिवाळी अंकवाल्यांनी फोन करून सांगितलं, तुमच्या धंद्यातला एखादा थरारक अनुभव लिहा. मी म्हटलं, अहो, माझ्या धंद्यात थरारक काही घडू नये यासाठीच तर माझा सगळा जन्म गेला. मी जात्याच घाबरट माणूस. आवळलेला नट पुन्हा आवळून बघतो, लावलेलं कुलूप अर्ध्या रस्त्यातून परत येऊन ओढून बघतो. आमच्या घरी माझी ख्याती अशी की हा माणूस झोपेतसुद्धा वायरला टेप गुंडाळतो. बायको हे पाहुण्यांसमोर सांगते, आणि ते खोटं नसल्यामुळे मला गप्प बसावं लागतं.

ज्यांना बॉनेटच्या आत काय असतं ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोलच्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळून पेटवायचं असतं. भाकरीच्या पिठासारखंच आहे ते. पाणी कमी पडलं तर भाकरी चिरते, जास्त झालं तर हाताला चिकटते. पूर्वी हे मिश्रण कार्बोरेटर नावाचं भांडं अंदाजाने करायचं. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांत पेट्रोल उडवणाऱ्या बारीक पिचकाऱ्या असतात, आणि कोणती पिचकारी किती वेळ उघडायची हे एक डबी ठरवते. तिला आम्ही ईसीएम म्हणतो. इंजिन किती गरम आहे, हवा किती येतेय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हे सगळं बघून ती डबी पापणी लवायच्या आत हिशोब करते. ती गेली की बाकीचं इंजिन ठणठणीत असूनही गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

या डब्या कशाने जातील याचा नेम नसतो. दिंडोरीचा एक द्राक्षवाला बागाईतदार गाडी टेम्पोत घालून घेऊन आला होता. म्हणाला, "सोनवणे, इंजिन लय घाण झालं व्हतं. म्हणून औषध मारायच्या ब्लोअरनं धुतलं. लय भारी निघालं, पर आता चालूच व्हईना." डबीतून ओंजळभर पाणी निघालं. मी ती उघडून वाळवली, सुदैवाने चालली. तेव्हापासून दर हंगामाला तो द्राक्षांची पेटी आणून देतो, आणि दर वेळी मी त्याला विचारतो, इंजिन धुतलं नाही ना? तो छातीला हात लावून नाही म्हणतो. माझा विश्वास बसत नाही. बॉनेट उघडून बघितल्याशिवाय मी पेटीला हात लावत नाही.

पण सांगायची गोष्ट आहे ती गांगुर्डे मॅडमची.

मॅडम घाटापलीकडच्या पेठ गावी एका शाळेत गणित शिकवतात आणि राहतात नाशकात, मेरी कॉलनीच्या बाजूला. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, काखेत कुबड्या. त्यांची गाडी जुनी, पांढरी, छोटी, आपोआप गिअर पडणारी. त्या गाडीत स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला एक दांडा बसवलेला होता. दांडा आपल्याकडे ओढला की ॲक्सिलरेटर, पुढे ढकलला की ब्रेक. डावा हात स्टिअरिंगवरच्या मुठीवर. पायाला काही कामच नाही. हा दांडा ज्या कारागिराने बसवला तो केव्हाच वारला होता, पण काम असं की एवढ्या वर्षांत त्यात केसभर ढिलाई आली नव्हती. या गाडीने मॅडम रोज सावळघाट उतरून पेठला जात आणि संध्याकाळी चढून परत येत.

एक दिवस ती गाडी दोरीला बांधून माझ्या दारात आली. मी तपासलं. पेट्रोल येतंय, बॅटरी चांगली, पण पिचकाऱ्या उघडत नव्हत्या. ईसीएम काढून भद्रकालीत रफिकभाईंकडे नेला. रफिकभाई लग्नातल्या बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात, माझे फार जुने मित्र. त्यांनी भिंगातून बघितलं आणि नाक वाकडं केलं. आतल्या कपॅसिटर नावाच्या एका बारीक पार्टमधून तेजाबासारखं पाणी गळून त्याने बोर्डावरच्या तांब्याच्या रेघाच खाऊन टाकल्या होत्या.

"सोनवणे, मय्यत को इंजेक्शन नहीं देते," रफिकभाई म्हणाले. "दुसरा बघ."

दुसरा बघायला गेलो तर कंपनीने तो पार्ट कधीच बंद केलेला. भंगारवाल्यांकडून मिळाले ते ईसीएमही याच दुखण्याने गेलेले. मी मॅडमना फोन केला आणि धीर करून सांगितलं की नवीन गाडी बघा.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षाने गॅरेजवर आल्या. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत. कुबड्यांवर उभ्या राहूनच बोलल्या.

"नवीन गाड्या बघून झाल्या माझ्या, सोनवणे भाऊ. सगळ्यांची सीट उंच. मला कोणीतरी वर चढवावं लागतं. मग दांडा नव्याने करायचा, त्याची आरटीओची मंजुरी घ्यायची, त्यात किती महिने जातील ते कोणी सांगत नाही. तोपर्यंत मी कशाने जाऊ?"

"जीप आहेत ना पेठच्या," मी म्हणालो. बोललो आणि लगेच वाटलं, जीभ चावावी.

"त्याच जीपने जातेय सध्या. ड्रायव्हर एका दंडाला धरतो, कोणी पॅसेंजर दुसऱ्या. चांगली माणसं आहेत, वाईट नाहीत. पण मला रोज सामानासारखं उचलून ठेवतात. शाळेच्या दारात माझी मुलं उभी असतात, ती बघतात." त्यांनी गाडीकडे बघितलं. "या गाडीत मी स्वतः बसते आणि स्वतः उतरते. मला एवढंच पाहिजे."

मी पटकन सांगून टाकलं, एक मार्ग आहे, पण तो मी करणार नाही.

तो मार्ग म्हणजे ईसीएम घरी बनवणं. जगभरात असे हौशी लोक आहेत. कोरा बोर्ड मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात, आतला प्रोग्रॅम त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलेला आहे. सोल्डरने झाळून, जोडून, कोणत्याही जुन्या इंजिनला लावता येतो. आपला हात जगन्नाथ. एका शर्यतवाल्या पोराच्या गाडीला मी एकदा बसवून दिला होता, पण ती गाडी मैदानात पळायची आणि बंद पडली तर चार मित्र ढकलायला हजर असायचे. असा बोर्ड कोरा येतो. त्याला काहीच माहीत नसतं. लॅपटॉपवर एक चौकटींचा तक्ता उघडतो, आणि इंजिनच्या प्रत्येक अवस्थेला किती पेट्रोल द्यायचं तो आकडा आपण भरायचा असतो. कंपनीतले इंजिनिअर हे काम थंडीत, उन्हात, डोंगरावर वर्षानुवर्षं करतात. मी करणार पेठ रोडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, आणि चुकलो तर घाटात ती बाई एकटी.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. चालत्या गाडीचं इंजिन मेलं तर काय होतं तेही सांगितलं. ब्रेकला मदत करणारा एक डबा असतो, तो इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद पडलं की त्यात एक-दोन वेळा दाबण्यापुरती ताकद उरते. त्यानंतर ब्रेक दगडासारखा होतो. पायाने रेटून दाबणाऱ्याला एक वेळ जमेल, हाताने दाबणाऱ्याला जमायचं नाही.

"म्हणजे इंजिन बंद पडलं तर ब्रेक एकदाच दाबायचा आणि सोडायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"मग एकदाच दाबीन. तुम्ही सुरू करा."

मास्तरीण बाईंनी फळ्यावर उत्तर लिहून खडू खाली ठेवावा तसं ते झालं. मी नाही म्हणायचं विसरलो.

बोर्डाची झाळणी रफिकभाईंनी केली, कारण माझा माझ्या हातावर भरवसा नव्हता. ते सारखे म्हणायचे, "अरे, गाडी है, हवाई जहाज नहीं." मी म्हणायचो, रफिकभाई, विमानात दोन पायलट असतात. प्रत्येक सांधा मी भिंगाखाली बघितला, वायरी ओढून बघितल्या, डबी सीटखाली बसवली जेणेकरून ब्लोअरनेसुद्धा तिच्यात पाणी जाऊ नये. एकासारखे एक असे दोन बोर्ड करून घेतले. एक बसवायचा, दुसरा गाडीतल्या खणात ठेवायचा. पहिला दगावला तर प्लग काढून दुसऱ्याला लावायचा, बस्स. हेही मॅडमना स्वतःच्या हाताने करता यायला हवं म्हणून प्लग सीटच्या कडेला काढला.

पहिल्या दिवशी स्टार्टर मारला तर गाडी नुसती शिंकली. दुसऱ्या दिवशी धूर सोडला. मग एकदा थरथरत चालू झाली आणि हळूहळू शांत झाली. रफिकभाईंनी टाळी दिली. मी आकडे भरत गेलो. शेडमध्ये, मग गल्लीत, मग म्हसरूळपर्यंत गाडी फिरवली. पेडल जागेवरच होते, मी पायाने चालवत होतो. धुराची तपासणी करून घेतली, पास झाली. गाडी इतकी सुरेख चालायला लागली की मला स्वतःचीच शंका यायला लागली.

शंका खरी ठरली. मॅडम आल्या, सीटवर सरकून बसल्या, कुबड्या मागे टाकल्या. कितीतरी दिवसांनी त्या आपल्या सीटवर बसत होत्या. चेहऱ्यावर मावत नव्हता इतका आनंद. त्यांनी दांडा ओढला आणि गाडी दारातच खोकून बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मी पायाने चालवून बघितली तर मुकाट चालली. मॅडमनी दांडा ओढला की बंद.

बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो. मग मी मॅडमच्या हाताकडे बघितलं, आणि घोळ लक्षात आला. पाय ॲक्सिलरेटर हळूहळू दाबतो. पायाला पंजा असतो, टाच असते, तो कलत कलत उतरतो. हात तसं करत नाही. हात एका झटक्यात ओढतो. अचानक हवा आत शिरते आणि तेवढं जास्तीचं पेट्रोल त्याच क्षणी द्यावं लागतं. जुन्या कंपनीच्या ईसीएमला कोणाचंही चालायचं, त्यात सगळ्या तऱ्हांची सोय होती. माझा घरगुती ईसीएम मात्र एकाच माणसाकडून शिकला होता. मी सगळी गाडी माझ्या पायाच्या मापाने शिवली होती, आणि ती घालायची होती मॅडमच्या हाताने.

"म्हणजे मी चालवणार आणि तुम्ही शेजारी बसून आकडे भरणार," मॅडम म्हणाल्या.

दुसरा उपायच नव्हता. मी शेजारी बसलो. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपमधून सीटखाली गेलेली वायर. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायलाच मी भितो, इथे तर गाडीचा मेंदू माझाच. आरटीओवरून आशेवाडीपर्यंत जाऊन येऊन, जाऊन येऊन, त्यांनी दांडा ओढायचा आणि मी आकडा वाढवायचा. रस्त्याकडे बघू की लॅपटॉपकडे, मला कळेना. "समोर मी बघते, तुम्ही तुमचं बघा," असं त्यांनी मला दोनदा दटावलं. हळूहळू खोकणं थांबलं. त्यांच्या हाताखाली गाडी पाण्यासारखी चालायला लागली. मला वाटलं, झालं.

रविवारी सकाळी आम्ही सावळघाटाकडे निघालो. चाचडगाव मागे टाकलं. घाट सुरू झाला. समोर गुजरातकडे जाणारे ट्रक घरंगळत चालले होते. पहिली वळणं मॅडमनी छान काढली. मी लॅपटॉपवरून नजर वर काढून दरीकडे बघण्याइतका धीट झालो होतो.

एका वळणावर पुढच्या ट्रकने एकदम वेग कमी केला. मॅडमनी ओढलेला दांडा पुढे ढकलला. आणि त्याच क्षणी इंजिनचा आवाज गेला.

गाडी उतारावर तशीच चालली होती. आवाज मात्र नाही. त्या शांततेत टायरखालची बारीक खडी कळत होती. मला ओरडायचं होतं, सोडू नका, ब्रेक सोडू नका, पण मी नुसता लॅपटॉप घट्ट धरून बसलो. मॅडमचा हात दांड्यावर ताठ झाला होता, नखं पांढरी पडली होती. त्यांनी दांडा ढकलला होता तो ढकललेलाच ठेवला होता. एकदाच. ट्रकचा मागचा फळा जवळ येत होता.

"हँडब्रेक," त्या म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला हाक मारावी तशा आवाजात.

हँडब्रेक आमच्या दोघांच्या मध्ये होता. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, आणि माझे दोन्ही हात मोकळे असून लॅपटॉप सांभाळत बसलेले. मी लॅपटॉप पायात टाकून हँडब्रेक वर ओढला. गाडी करकरत थांबली. ट्रक पुढे निघून गेला, त्याला काही कळलंही नसेल.

मग मी उतरलो, चाकाखाली दगड लावले, आणि त्या दगडांशेजारीच बसून राहिलो. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

"कशाने झालं ते कळलं का?" मॅडमनी खिडकीतून विचारलं.

कळलं होतं. ओढण्याचं मी जमवलं आणि ढकलण्याचं विसरलो. कंपनीच्या गाड्यांत एक सोय असते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल वाचवायला पिचकाऱ्या थोडा वेळ बंद राहतात, आणि इंजिन फार मंदावायच्या आत पुन्हा उघडतात. मीही ती सोय चालू करून ठेवली होती. मोठे करतात म्हणून आपणही करावं, ही हौस. नाकापेक्षा मोती जड. पायाने चालवणाऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठून ब्रेकवर जाईपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. दांड्याला मध्यंतर नसतं. ओढलेला हात त्याच क्षणी ढकलतो, इंजिन धाडकन खाली येतं, आणि माझ्या पिचकाऱ्या उघडेपर्यंत ते मेलेलं असतं.

"मॅडम, गाडी दोरीने परत नेऊ," मी म्हणालो. "मला माफ करा. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय, पण..."

"मग आकडा बदला. मी बसलेय."

लॅपटॉपचा कोपरा फुटला होता, पण तो चालू होता. मी ती पेट्रोल वाचवायची सोय समूळ काढून टाकली. दोन पैशांचं पेट्रोल जास्त जळलं तर जळू दे. शिवाय गाडी उभी असताना इंजिन फिरायचा वेगही थोडा चढा ठेवला, म्हणजे इंजिनला पडायला जागाच राहू नये. तेव्हापासून ती गाडी उभी असताना जरा वरच्या पट्टीत गुणगुणते. हजार गाड्यांत मी तो आवाज ओळखेन.

घाट उतरून करंजाळीला गेलो, परत चढलो, परत उतरलो. मॅडमनी मुद्दाम झटके दिले, मुद्दाम ढकललं. इंजिन पडलं नाही. शेवटी करंजाळीच्या सपाट रस्त्यावर त्या म्हणाल्या, "आता तुम्ही चालत्या गाडीत इंजिन मुद्दाम बंद पाडा. ब्रेकला किती जोर लागतो ते माझ्या हाताला कळू दे." मी नको नको म्हणत असताना त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. नापास व्हायची तयारी करूनच परीक्षेला बसणारी ही बाई. मी घाबरून काळजी करतो आणि त्या काळजी म्हणून सराव करतात, एवढाच आमच्यातला फरक.

गाडी त्यांना दिली तेव्हा मी एक अट घातली. घाटात रेंज नसते, करंजाळीला येते. सकाळी घाट उतरून करंजाळीला पोचलात की मला एक मिस कॉल द्यायचा. संध्याकाळी घरी पोचल्यावर एक. मी उचलणार नाही, नुसती रिंग वाजू द्या.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"मला भीती वाटायची थांबेपर्यंत."

"म्हणजे माझ्या रिटायरमेंटपर्यंत," त्या हसून म्हणाल्या.

तो मिस कॉल रोज आला. शाळेला सुट्टी असली की आदल्या दिवशी सांगायच्या, उद्या कॉल नाही, जेवा निवांत. कारण आमच्या घरून त्यांना कळलं होतं की सकाळची रिंग वाजल्याशिवाय मी नाश्त्याला बसत नाही. पावसाळे गेले, टायर बदलले, बॅटरी बदलली. खणातला दुसरा बोर्ड पिशवीतून बाहेर काढायची वेळ आली नाही. तरी दर दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी आणवून घेऊन सगळे सांधे भिंगाखाली बघायचो. रफिकभाई म्हणायचे, "अब तो छोड दे." जित्याची खोड, ती कशी सुटणार?

आणि मग या वर्षी श्रावणात एक दिवस सकाळची रिंग वाजली नाही.

मी थोडा वेळ वाट बघितली. मग फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. शाळेत लावला, शिपाई म्हणाला, मॅडम अजून आल्या नाहीत. पोह्यांची बशी समोर तशीच होती. बायकोने काही न विचारता स्कूटरची किल्ली आणून दिली.

रस्ताभर मी बोर्डावरचे माझे सांधे मोजत होतो. कोणता सुटला असेल? पावसात सीटखाली पाणी गेलं असेल का? एवढ्या वर्षांत झाळणीला तडा जातो. रफिकभाईंनी सांगितलं होतं की जातो. मग मी तो का बदलला नाही? दुसरा बोर्ड लावायला त्यांना वेळ मिळाला असेल का? ब्रेक एकदाच, मॅडम, एकदाच, असं मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होतो.

घाटाच्या तोंडाशी ट्रकांची रांग लागली होती. पुढे जायला वाट नाही. इंजिनं बंद करून ड्रायव्हर खाली उतरले होते, एकाने स्टोव्हवर चहा ठेवला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"नीचे गाडी पलटी है, भाई."

"कौनसी गाडी?"

"देखी नहीं. बोलते है, कुछ सफेद है."

मी स्कूटर तिथेच टाकली आणि उतारावरून चालत निघालो. चालत कसला, गुडघे विसरून पळत. ट्रकामागून ट्रक, टेम्पो, एसटी, सगळं बंद. ओल्या झाडांवरून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. एवढी वाहनं आणि एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. तेच वळण जवळ येत होतं.

आणि वळणाच्या अलीकडेच मला ते ऐकू आलं.

एक इंजिन चालू होतं. त्या अख्ख्या घाटात एकच. जरा वरच्या पट्टीत, एकसारखं, न अडखळता गुणगुणत.

मी वळलो. पांढरी गाडी दोन ट्रकांच्या मध्ये सरळ उभी होती. मॅडम काच खाली करून वह्या तपासत होत्या. खूप पुढे, खालच्या वळणावर, दुधाचा एक टँकर आडवा झालेला दिसत होता. त्याचा ड्रायव्हर कठड्यावर बसून कोणाशी तरी बोलत होता.

खिडकीला धरून उभा राहिलो. मग जे सुचलं ते विचारलं. "सगळ्यांनी बंद केल्यात. तुम्ही चालू का ठेवली?"

"मीही केली होती बंद. बराच वेळ झाला अडकून." त्यांनी वही मिटली. "मग लक्षात आलं, इथे रेंज नाही, मिस कॉल गेला नाही, म्हणजे तुम्ही निघालेले असणार. आणि या वळणावरून तुम्हाला गाडी नुसती उभी दिसली असती, आवाज न येता..." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "बसा आधी. पाणी घ्या. डब्यात थालीपीठ आहे. तुम्ही नाश्ता केला नसेलच."

मी पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसलो. सीटखालून, माझ्या टाचांच्या मागून, त्या डबीची बारीक ऊब लागत होती.

"आता तुम्ही आलात," मॅडम म्हणाल्या. "करू का बंद? पेट्रोल जळतंय."

"राहू द्या," मी म्हणालो. "थोडा वेळ चालू राहू द्या."